वारसा छायाचित्र स्पर्धेचे विभाग वास्तूवरून ठरवा, कॅमेऱ्यावरून नको : आयोजकांना खुले पत्र

प्रति,
वारसा वास्तूंच्या छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्या महापालिका, महाविद्यालये, इतिहास मंडळे आणि छायाचित्रकार संघटना यांस,

सप्रेम नमस्कार.

१९ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर आपल्या स्पर्धांची पत्रकं फिरू लागतात. बक्षिसाची रक्कम, परीक्षकांची नावं, शेवटची तारीख, चित्राचा आकार किती एमबी असावा हे सगळं पत्रकात नीट दिलेलं असतं. विभागांच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते : ‘वास्तू, कृष्णधवल, लोकजीवन, मोबाईल, ड्रोन’. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. मी वाड्यांची छायाचित्रं काढते, त्यांच्या नोंदी ठेवते आणि अशा स्पर्धांत आलेल्या चित्रांच्या पहिल्या चाळणीचं कामही केलं आहे. त्या कामात जे वारंवार दिसलं, ते आता जाहीरपणे मांडावंसं वाटतं.

या ओळीत तीन वेगवेगळी मापं एकत्र आली आहेत. ‘वास्तू’ हा चित्राचा विषय झाला. ‘कृष्णधवल’ ही मांडणी झाली. ‘मोबाईल’ आणि ‘ड्रोन’ ही साधनं झाली. वाईच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाईचं मोबाईलवर काढलेलं कृष्णधवल चित्र यातल्या चार विभागांत बसतं. स्पर्धक जिथे गर्दी कमी वाटेल तिथे ते टाकतो आणि चाळणी करणारा स्वतःच्या अंदाजानं ते दुसरीकडे हलवतो. परीक्षकांपुढे शेवटी एकाच विभागात एक मंदिर, एक म्हातारा चेहरा आणि एक सूर्यास्त असं काहीही येतं. त्यांची तुलना कशाच्या आधारावर करायची? मग जे चित्र डोळ्याला पटकन भिडतं, ते जिंकतं.

म्हणूनच निकालात दर वर्षी तीच चित्रं येतात. खालून वर पाहत काढलेला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, रात्रीच्या रोषणाईत गाड्यांच्या दिव्यांच्या रेघांसह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ढगांच्या वर तरंगणारा रायगड. ही स्थळं सुंदर आहेत आणि त्यांची चित्रं निघत राहावीत. पण त्याच पुण्यात कात्रजच्या नळाचे उच्छ्वास रस्त्याच्या कडेला उभे आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, त्या व्यवस्थेचे हे उघड्यावर दिसणारे दगडी अवशेष. माझ्यासमोर चाळणीसाठी आलेल्या गठ्ठ्यात उच्छ्वासाचं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. स्पर्धकांची नजर कमी पडते असं मला वाटत नाही. आपल्या पत्रकात उच्छ्वासासाठी जागाच नसते, हे त्याचं खरं कारण आहे. लोक विभागांची नावं वाचूनच घराबाहेर पडतात. पत्रकात ‘पाण्याच्या वास्तू’ असं छापलं असतं, तर शे-दीडशे माणसं त्या आठवड्यात बारवा, हौद आणि आड शोधत हिंडली असती.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. इमारती आणि लेणी कॅमेऱ्यात उतरवायची आपल्याकडची परंपरा तेव्हापासूनची आहे आणि त्या काळातल्या चित्रांकडे आज आपण पुरावा म्हणून पाहतो. आपल्या स्पर्धेतली चित्रंही उद्या पुरावाच होणार आहेत. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तो स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. अशी वास्तू पुन्हा उभी करायची ठरली की वास्तुविशारद जुनी छायाचित्रं मागतो. दर्शनी बाजूची हजार चित्रं मिळतात. त्याला हवी असते छताच्या कैचीचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा, सांधा दाखवणारी, जिन्याच्या कठड्याची, रंगमंचाच्या मागच्या भिंतीची चित्रं. ती कुणाकडे नसतात, कारण ती काढायला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

माझी विनंती थोडक्यात अशी : विभाग ठरवताना एकच माप धरा, आणि ते माप वास्तूचं असू द्या. चित्रात कोणती वास्तू आहे, ती कशासाठी बांधली होती आणि आज ती कोणत्या अवस्थेत आहे, यावरून विभाग पडावेत. कॅमेरा कोणता, रंग की कृष्णधवल, हे स्पर्धकावर सोडावं.

आधी वयाचा प्रश्न. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट घातली आहे आणि बरेच आयोजक तीच अट उचलून पत्रकात टाकतात. स्पर्धेसाठी ती योग्य नाही. मुंबईतली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींची मालिका २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा त्यातल्या आर्ट डेको इमारतींना शंभर वर्षं झालेली नव्हती. रीगल सिनेमा १९३३ चा आहे. शंभरची अट लावली तर युनेस्कोनं मान्य केलेली इमारत आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत बाद होईल. पन्नास वर्षांची अट घाला, आणि त्याहून नवी वास्तू पाठवायची असेल तर ती वारसा का, हे स्पर्धकाला चार ओळींत लिहायला सांगा. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. जिथे अशी अधिकृत यादी आहे तिथे तिचा आधार घ्या, पण यादीबाहेरच्या वास्तूला दार बंद करू नका. गावाकडच्या बहुतेक चांगल्या वास्तू कुठल्याच यादीत नाहीत.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विभाग : राहतं घर. याची व्याख्या मी पूर्ण लिहून देते, म्हणजे व्याख्या कशी असावी याचा नमुनाही मिळेल.

‘राहतं घर : ज्या जुन्या वास्तूत आजही कुणी राहतं अशी वास्तू आणि तिच्यातला रोजचा वावर. वाडा, चाळ, कोकणातलं चिऱ्याचं घर, गोव्यातलं बाल्कांवचं (दारापुढे बसायच्या ओसरीचं) घर, माळवदाचं (सपाट मातीच्या छताचं) घर, सगळं चालेल. एका खोलीत का होईना कुटुंब राहत असेल तर वास्तू या विभागात येते. कुलूपबंद वाडा, हॉटेल किंवा लग्नाचं कार्यालय झालेला वाडा येत नाही. आतलं चित्र घरातल्यांच्या लेखी संमतीशिवाय घेतलं जाणार नाही. गाव, पेठ आणि शक्य असल्यास घराण्याचं नाव द्यावं. घरक्रमांक देऊ नये.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. जुन्या कोरीव दरवाजांना, खांबांना आणि महिरपींना बाजारात मोठी किंमत येते. रिकाम्या होत चाललेल्या घराचा पत्ता आणि त्यातल्या कोरीव कामाचं स्वच्छ चित्र एकत्र छापणं म्हणजे चोराला आमंत्रण देणं आहे. आयोजकांनी पत्ता स्वतःजवळ ठेवावा आणि प्रदर्शनात फक्त गाव लिहावं.

या विभागावर माझा इतका भर का, ते एका खांबावरून सांगते. पुण्याच्या पेठांतल्या वाड्याच्या चौकात उभं राहून सुरूच्या आकाराचा सागवानी खांब बघा. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर वर जाताना हळूहळू निमुळता होणारा खांब, माथ्यावर पानांच्या नक्षीत कोरलेले हस्त, म्हणजे तुळईचे लाकडी टेकू, त्या हस्तांवर तुळई आणि तुळईवर कडीपाटाचं लाकडी छत. अशा एका राहत्या वाड्यात खांबावर विजेचा मीटर ठोकलेला होता, लाकडात कोरलेल्या केळफुलाला गुंडाळून टीव्हीची केबल गेली होती आणि तळखड्यावर कुणाची तरी शाळेची वॉटरबॅग ठेवलेली होती. त्या खांबाचं चित्र एका स्पर्धेत आलं आणि ‘अनावश्यक वस्तूंमुळे रचना बिघडली’ असा शेरा मिळून बाद झालं. माझ्या मते त्या गठ्ठ्यातलं ते सर्वांत मोलाचं चित्र होतं. खांब अजून भार पेलतोय, घर अजून चालू आहे आणि लाकडाला नेमका कुठे धोका आहे, हे सगळं त्या एका चित्रात होतं. परीक्षकाचीही फार चूक नव्हती. ‘वास्तू’ एवढाच शब्द समोर असेल तर माणूस वॉटरबॅगला दोषच मानणार. विभागाचं नाव ‘राहतं घर’ असतं तर तीच वॉटरबॅग गुण ठरली असती. पानशेतच्या १९६१ च्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले, आणि उरलेल्यांतले बरेच पुढच्या काही दशकांत इमारतींसाठी पाडले गेले. जे आज राहते आहेत ते मोजकेच आहेत.

पाण्याच्या वास्तूंचा विभाग वेगळा हवा हे वर म्हटलंच. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. शाहू महाराजांच्या काळातली ही विहीर, आणि तिच्या पोटातच कोरीव खांबांचं दालन. नुसत्या ‘वास्तू’ विभागात ती किल्ल्यांपुढे मागे पडते. घाट, बारवा, हौद, पुष्करणी, आड, नळ, उच्छ्वास, जुने बंधारे यात घ्या. नैसर्गिक झरा किंवा नदीचं पात्र घेऊ नका.

किल्ल्यांबाबत तर व्याख्येची फारच निकड आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. साहजिकच आता आपल्याकडे किल्ल्यांच्या चित्रांचा पूर येणार. त्यातली निम्मी चित्रं डोंगराची, धुक्याची आणि कारवीच्या फुलांची असतील. ती सुंदर असतील, पण ती निसर्गचित्रं आहेत. किल्ल्याच्या विभागात बांधलेलं काहीतरी दिसलंच पाहिजे : तट, बुरूज, दरवाजा, कोठार, टाकं, जंग्या (तटातली मारा करायची भोकं). राजगडाचं उदाहरण घ्या. सुवेळा माचीवरचं नेढं हे कड्याला निसर्गानं पाडलेलं भोक आहे. एकट्या नेढ्याचं चित्र या विभागात बसत नाही. संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी बसते, आणि तिच्यात उतरणाऱ्या जिन्याचं चित्र कुणी काढलं तर ते मी सर्वांत वर ठेवीन. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठ्या, सिंधुदुर्गचा तट, लोहगडाच्या एकामागून एक येणाऱ्या दरवाजांची वळणं, अशी चित्रं मागा. मागितलीत तर मिळतील.

लेण्यांना मंदिरांच्या विभागात कोंबू नका. मंदिर दगडावर दगड रचून वर चढतं, तर वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं आहे. दोन्हीकडे प्रकाश वेगळा पडतो आणि छायाचित्रकाराची कसोटीही वेगळी लागते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानीखालच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षं टिकून आहेत. त्या टिपायच्या तर अंधारात, फ्लॅशशिवाय, हात स्थिर ठेवून काम करावं लागतं. नियमांचीही आठवण पत्रकात द्या. २०१८ पासून पुरातत्त्व खात्यानं बहुतेक स्मारकांत छायाचित्रणाला मोकळीक दिली, पण अजिंठ्याची लेणी त्यातून वगळली होती. ट्रायपॉड लावायला परवानगी घ्यावी लागते. नियम मोडून काढलेलं चित्र बक्षिसाला पात्र नाही, हे वाक्य ठळक छापा.

गिरण्या, धुराडी, मंडया, रेल्वे स्थानकं, छापखाने, घाणे या कामाच्या वास्तूंना एक विभाग द्या. याविषयी फार लिहीत नाही. पुण्याची मंडई आणि मुंबईचं गिरणगाव डोळ्यांसमोर आणलं की गरज पटते.

पुनर्बांधणीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सगळेच अडखळतात. पुण्यातला आजचा लाल महाल महापालिकेनं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात बांधला. जिजाऊंच्या आणि शिवरायांच्या वास्तव्यामुळे त्या जागेबद्दल आपल्या मनात असलेला आदर खराच आहे, पण ती इमारत सतराव्या शतकातली नाही. ‘शिवकालीन वास्तू’ अशा मथळ्याखाली तिचं चित्र जिंकलं तर मुलं तेच खरं मानून चालतील. अशा वास्तूंना स्पर्धेबाहेर काढावं असं मी मुळीच म्हणत नाही. ‘पुन्हा उभारलेल्या वास्तू’ असा विभाग करा आणि त्यात एक अट ठेवा : मथळ्यात मूळ वास्तूचा काळ आणि आजच्या बांधकामाचा काळ, दोन्ही लिहिले पाहिजेत. ज्या मंदिराचं शिखर नवं पण गाभारा जुना आहे, ते कुठे घालायचं? चित्रात जो भाग मुख्य आहे त्यावरून ठरवा. शिखराचं चित्र इथे, गाभाऱ्याचं मंदिरांच्या विभागात. आणि दगडी मंदिरांवर ऑइल पेंट चढवल्याची चित्रं आली तर तीही इथे घ्या. निदान तो प्रकार सगळ्यांना दिसेल.

‘जाऊ घातलेल्या वास्तू’ हा विभाग भावनेच्या भरात चुकण्याची शक्यता जास्त. पडकेपणा दिसला की चित्र आपोआप परिणामकारक होतं, म्हणून इथे नुसत्या रचनेला गुण देऊ नका. धोका काय आहे ते चित्रात दिसलं पाहिजे : भिंतीतून उगवलेला पिंपळ, खचलेलं जोतं, वाळवीनं खाल्लेली तुळई, महापालिकेची नोटीस. चित्र काढल्याची तारीख सक्तीची करा. याच विभागात जुनी, आपल्या घरच्या आल्बममधली चित्रंही येऊ द्या, स्वतः काढलेली नसली तरी, फक्त ती वेगळ्या गटात ठेवून. विकी लव्हज मॉन्युमेंट्स ही नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेली जागतिक स्पर्धा चित्र कधी काढलं याला मर्यादा घालत नाही, ते स्पर्धेच्या महिन्यात चढवलं की झालं. वीस वर्षांपूर्वी काढलेलं चित्रही तिथे चालतं. त्या स्पर्धेचा दुसरा नियमही आपण घ्यावा : चित्रातली वास्तू नेमकी कोणती, हे ओळखू येईल अशी नोंद नसेल तर चित्र बाद. २०१२ साली भारत पहिल्यांदा त्या स्पर्धेत उतरला आणि दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या चित्राला जगातलं पहिलं बक्षीस मिळालं. नोंदीची शिस्त पाळून सौंदर्य कमी होत नाही, हे त्यातून दिसतं.

बारकाव्यांचा विभाग हवा, पण जोडचित्रांचा. एका चित्रात कोयंडा, देवळी, जाळी, वीरगळ जे असेल ते जवळून, आणि दुसऱ्यात तोच भाग वास्तूत कुठे आहे ते दाखवणारं लांबचं दृश्य. एकट्या कोयंड्याचं चित्र कुठलंही असू शकतं आणि नोंद म्हणून त्याचा उपयोग होत नाही. दोन चित्रांना मिळून एकत्रित गुण द्या.

मोबाईलसाठी स्वतंत्र विभाग काढून टाका. चांगला मोबाईल आज उजेडात कुठल्याही कॅमेऱ्याच्या मागे पडत नाही आणि अंधारातही त्याचं फारसं अडत नाही. सवलत द्यायचीच तर ती शाळकरी मुलांना वयोगटावरून द्या. ड्रोनचं चित्र कुठल्याही विभागात चालावं, मात्र परवानगीची प्रत जोडलेली असावी.

संपादनाबद्दल पत्रकात ‘किरकोळ बदल चालतील’ असं लिहिलेलं असतं आणि सगळे वाद तिथूनच सुरू होतात. किरकोळ कशाला म्हणायचं ते स्पष्ट लिहा. उजेड, रंग, कड कापणं, तिरक्या झालेल्या उभ्या रेषा सरळ करणं चालेल. आकाश बदलणं, वायरी पुसणं, माणसं काढून टाकणं, भिंतीवरचा ओलावा घालवणं, संगणकानं नवं काही निर्माण करणं चालणार नाही. अंतिम फेरीतल्या स्पर्धकांकडून मूळ फाईल मागवा. हा नियम सर्व विभागांना सारखा ठेवा, म्हणजे कुणी त्यात पळवाट शोधणार नाही.

व्याख्या लिहून झाल्या की त्या थेट छापू नका. मागच्या वर्षीची पन्नास चित्रं घ्या, दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि तुमच्या व्याख्या वाचून ती चित्रं विभागांत वाटायला सांगा. त्यातला एक छायाचित्रकार असू द्या आणि दुसरा इमारती जाणणारा, मग तो वास्तुविशारद असो, गवंडी असो की पुरातत्त्वाचा विद्यार्थी. दोघांचं जिथे जमणार नाही, तिथे व्याख्येत भोक आहे. ते बुजवा आणि पुन्हा वाटून बघा. एका संध्याकाळचं काम आहे आणि नंतरचे तक्रारींचे मेल त्यात वाचतात. परीक्षकांच्या मंडळातही अशी दोन्हीकडची माणसं असावीत, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक मागणी. आपल्या पत्रकाच्या तळाशी ‘पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं बारीक अक्षरात असतं. ते काढा. हक्क छायाचित्रकाराकडे राहू द्या आणि नोंद, अभ्यास, दुरुस्ती यांसाठी चित्र वापरण्याची मोकळी परवानगी त्यांच्याकडून घ्या. मग विभागवार लावलेली ही चित्रं जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा वस्तुसंग्रहालयात ठेवता येतील. आज ती निकालानंतर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहतात.

शेवटी वेळेबद्दल. व्याख्यांचा मसुदा गणेशोत्सवाच्या आधी जाहीर करा आणि पंधरा दिवस हरकती मागवा. बारवा भरलेल्या असतात त्या पावसाच्या अखेरीस, गळकं छप्पर ओळखू येतं तेही तेव्हाच, आणि राहत्या वाड्यांची दारं सणासुदीला पाहुण्यांसाठी उघडी असतात. ऑक्टोबरच्या शेवटी पत्रक काढलंत तर यातलं काहीच हाती लागणार नाही. मसुद्यावर काम करायला माणूस हवा असेल तर मी येईन, आणि माझ्यासारखे आणखीही येतील.

आपली,
वाड्यांच्या नोंदी ठेवणारी एक छायाचित्रकार, पुणे